शेती आणि अन्नप्रक्रियेसाठी कुशल माणसं तयार करायला कोणते कोर्स सुरू करावेत?

कोर्स कमी नाहीत हो. तुम्ही लिहिलंय की तुमच्या डाळ मिलमध्ये सर्टिफिकेटवाली मुलं येतात, एक सीझन करतात आणि निघून जातात, तेव्हा सरकारने नवे, चांगले कोर्स काढावेत. कृषी विज्ञान केंद्रं देशात 700 च्या वर आहेत, आपल्या इंदूरला कस्तुरबाग्रामात आहेच. अ‍ॅग्रिकल्चर स्किल कौन्सिल 2013 पासून आहे. खत-औषधाच्या दुकानदारांसाठी हैदराबादच्या मॅनेज संस्थेने 2003 साली वर्षभराचा डिप्लोमा काढला. मुलगा सीझन संपल्यावर का गेला, हे तुम्ही त्याला विचारलंत का? तुमच्या प्रश्नात ते कुठेच नाही, म्हणून लिहायला बसले.

आमच्या घरचं सांवेरकडे सोयाबीन बियाण्याचं ग्रेडिंग युनिट आहे. व्यवहार माझे मोठे दीर पाहतात, उगवणीची तपासणी माझ्याकडे. आमच्याकडे एक मिस्त्री होता. शाळा पाचवीपर्यंत. काम मशीनचं, पण ऑक्टोबरमध्ये मळणी सुरू झाली की तो बीजोत्पादक शेतकऱ्यांच्या खळ्यावर जायचा आणि लांबूनच थ्रेशरचा आवाज ऐकून ओरडायचा, "धीरे करो, दाना टूट रहा है!" बियाण्याच्या सोयाबीनला ड्रम मिनिटाला 350 ते 400 फेऱ्यांच्या वर फिरवू नये, ही शिफारस आहे. सोयाबीनची साल पातळ असते आणि अंकुर त्या सालीच्या लगेच खाली, म्हणून मार बसला की दाणा वरून चकचकीत दिसतो आणि आतून गेलेला असतो. थ्रेशरवाल्याला पैसे पोत्यामागे मिळतात, तो वेग वाढवणारच. त्याला थांबवणारा माणूस लागतो. युनिटमध्येही एलेव्हेटरमधून दाणा जिथे उंचावरून पडायचा तिथे मिस्त्रीने जुन्या पट्ट्याचे रबर लावले होते. कुणी सांगितलं नव्हतं.

पावसाळ्यात युनिट बंद, म्हणून दरवर्षी जूनच्या शेवटी त्याला हिशेब देऊन घरी पाठवायचे. एका वर्षी त्याने मागितलं, की या तीन महिन्यांत निम्मा पगार चालू ठेवा, म्हणजे मला गुजरातेत टाइल्सच्या कारखान्यात जावं लागणार नाही. भाऊजी म्हणाले, "बसून खायचा पगार कशाचा?" मी तेव्हाही म्हटलं होतं की बसून कशाला, जुलै-ऑगस्टमध्येच तर बीजोत्पादनाच्या प्लॉटमधली भेसळ काढायची असते. जेएस 335 या सोयाबीनच्या वाणाला जांभळं फूल येतं, त्यात पांढरं फूल दिसलं की ते रोप उपटायचं. हे काम फुलोरा आहे तेवढ्याच दिवसांत होतं आणि त्याला डोळा लागतो. शिवाय चाळण्या, बेअरिंग, बेल्ट हे सगळं तेव्हाच नीट करायचं. ऐकलं नाही. मिस्त्री गेला तो गेला, तिकडेच कायम झाला.

त्याच्या जागी कोर्स केलेला मुलगा आला. चांगला मुलगा, मन लावून काम करायचा. त्याला दोष देणाऱ्याशी मी आजही भांडेन. पण खळ्यावर जायला त्याला कुणी सांगितलं नाही आणि काय ऐकायचं ते शिकवायला मिस्त्री नव्हता. त्या वर्षी माल दिसायला सुरेख होता. मी ओल्या कागदाच्या गुंडाळ्या लावल्या, आठव्या दिवशी उघडल्या तर उगवण 70 टक्क्यांच्या खाली. प्रमाणित बियाण्याला किमान 70 लागते. अख्खा लॉट धान्य म्हणून मंडीत गेला, तेल काढायच्या सोयाबीनच्या भावात.

भाऊजी आजवर प्रत्येक लग्नकार्यात सांगतात की त्या वर्षी काढणीला पाऊस झाला म्हणून बियाणं गेलं. पाऊस झाला होता, खरं आहे. पण पावसात भिजलेला दाणा सुरकुततो, डागाळतो, बुरशी धरतो. आमचा स्वच्छ पिवळा होता. गुंडाळ्यांमध्ये रोपं कुजलेली नव्हती, मोडलेली होती: कुणाचं दल तुटलेलं, कुणाला मूळच नाही. मग मी हायपोक्लोराइटची, म्हणजे साध्या ब्लीचची, चाचणी केली. पातळ केलेल्या द्रावणात दाणे काही मिनिटं भिजत ठेवायचे, साल तडकलेले दाणे तेवढ्यात टम्म फुगतात. बशीभर फुगले. ती बशी मी भाऊजींपुढे ठेवली होती. ते काही बोलले नाहीत, आणि पुढच्या लग्नात पुन्हा पाऊस सांगितला.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे, की ज्याला वर्षातले तीन महिने तुम्ही हाकलता आणि उरलेले नऊ महिने हमालाएवढेच पैसे देता, तो कसब घेऊन तुमच्याकडे थांबणार नाही. आणि त्याने थांबून दुसऱ्याला शिकवलं नाही तर पुढची फळी येणार कुठून? याला कुठलाही कोर्स पुरा पडत नाही.

आणि कामाची माणसं टिकवायची ही गोष्ट आपल्याच गावात फार पूर्वी करून दाखवलेली आहे. 1924 साली होळकर दरबाराच्या जमिनीवर अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञांनी इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री उभी केली, जिथे आज कृषी महाविद्यालय आहे. इंदूर पद्धतीचं कंपोस्ट जगभर गेलं ते तिथून. त्यावरच्या 1931 च्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड हे नाव आहे, आपलं मराठी नाव, आणि इंदूरच्याच मराठी घरांत ते कुणाला ठाऊक नसतं याचं मला फार वाईट वाटतं. त्या शेतावर मजुरांना पगार वेळेवर, राहायला धड घरं, कामाचे माफक तास, मध्ये विश्रांती आणि औषधपाणी, अशी व्यवस्था होती. कंपोस्टचा ढीग वेळच्या वेळी पालटणं, ओल राखणं हे रोज बदलत्या माणसांकडून होत नाही, हे त्यांना कळत होतं.

डिग्रीच्या मी विरुद्ध आहे असं समजू नका. नवं वाण काढायला, रोग ओळखायला, प्रयोगशाळा चालवायला शिकलेलीच माणसं लागतात, आणि माझी स्वतःची भाची अ‍ॅग्रीला आहे. लहान युनिटला बारमाही पगार जड जातो हेही मान्य. त्यावर उपाय म्हणजे शेजारच्या युनिटशी भागीदारी. आम्ही सध्या तसंच करतो. एकच मिस्त्री, पावसाळ्याचा पगार दोघांत निम्मा-निम्मा, आणि ऑक्टोबरमध्ये तो दोन शिकाऊ मुलं बरोबर घेऊन खळ्यांवर फिरतो. डाळ मिलला हे आणखी सोपं जावं, तुमचं काम आमच्यासारखं एका पिकावर अडलेलं नाही. आमच्या करारावर भाऊजींनी सही केली नाही, माझ्या नवऱ्याने केली. तुम्हाला कराराचा मसुदा हवा असेल तर खाली लिहा, पाठवते.