एस-यू-बी ने सुरू होणाऱ्या इंग्रजी शब्दांचे अर्थ वेगवेगळे पाठ करायचे का?

नाही, एवढी मेहनत लागत नाही. सब हा लॅटिन तुकडा आहे, मूळ अर्थ 'खाली', एवढं धरलं की बरेच शब्द आपोआप सुटतात. सबमरीन म्हणजे पाण्याखाली चालणारी बोट, कारण मरीन म्हणजे समुद्राचं, सबवे म्हणजे जमिनीखालचा रस्ता. सबकमिटी, सबटायटल मध्ये हाच अर्थ थोडा सरकून आपल्या 'उप' सारखा होतो, उपसमिती, उपशीर्षक, बघा किती बरोब्बर बसतं.

मला सगळ्यात आवडतो तो सबट्रॅक्ट, म्हणजे वजा करणे, ह्यातला ट्रॅक्ट म्हणजे ओढणे, ट्रॅक्टर मधला तोच, म्हणजे खालून ओढून काढून घेणे, एकदा हे चित्र डोळ्यासमोर आलं की शब्द विसरतच नाही.

पण एक लक्षात ठेवा, पुढच्या अक्षराप्रमाणे ह्या बी चं रूप बदलतं. सपोर्ट मध्ये दोन पी आहेत ना, त्यातला पहिला हाच बी, आणि पोर्ट म्हणजे वाहून नेणे (ट्रान्सपोर्ट मधला), म्हणजे खालून तोलून धरणे, आधार देणे. सफर म्हणजे सोसणे, त्यातला पहिला एफ पण तसाच आलाय.