काखेतल्या गाठीची सुईने तपासणी झाली, तरी डॉक्टर आता ऑपरेशन करून गाठ काढायला सांगतायत. खरंच गरज असते का? त्रास किती होतो?

हो, असते. सुईत थोड्या पेशी येतात, गाठीची आतली रचना कळत नाही, आणि लिम्फोमाचा (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचा) संशय असेल तर तीच बघायची असते.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्या कारणाने. माझी धाकटी बहीण लालबागला असते, तिच्या काखेत सुपारीएवढी गाठ, संध्याकाळी ताप, वजन उतरलेलं, सुईच्या रिपोर्टात धड काही नाही. डॉक्टर म्हणाले गाठ काढू, तर तिचे सासरे अडून बसले की चाकू लावला की रोग अंगभर पसरतो, आधी गावचा लेप लावू. गणपती गेले, दिवाळी आली, मग मी तिच्या घरी जाऊन भांडले तेव्हा कुठे ऑपरेशन झालं. निघाला टीबी. आणि तिथे अख्खी गाठ फॉर्मालिनच्या (गाठ टिकवून ठेवायच्या रसायनाच्या) बाटलीत टाकलेली! फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून कोणतं औषध लागू पडतं ते बघणं, कसलं करणार? आपल्या मुंबईत औषधांना दाद न देणारा टीबी किती आहे हे शिवडीच्या टीबी हॉस्पिटलला जाऊन आलेल्या कोणालाही विचारा. नशिबाने तिच्या मानेत अजून एक गाठ होती, तिच्यातला पू काढून जीनएक्सपर्ट (टीबीच्या जंतूची मशीनवरची झटपट तपासणी) केलं आणि नेहमीची औषधं चालतील हे कळलं. 6 महिन्यांचा कोर्स झाला, गोळ्या सरकारी, फुकट.

म्हणून सर्जनला आधीच तोंडावर विचारा, एक तुकडा साध्या सलाईनमध्ये टीबीच्या तपासणीला पाठवणार ना? जीनएक्सपर्टवरून रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का ते काही तासांत समजतं, कल्चरला 6 आठवडेही लागतात. लाजू नका, गाठ एकदाच निघते.

त्रासाचं म्हणाल तर बहीण संध्याकाळी घरी आली, दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा बरेच दिवस राहिला. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये काखेतल्या बऱ्याच गाठी काढतात ते ऑपरेशन वेगळं, त्यात नळी ठेवतात, पुढे हात सुजू शकतो, त्याच्याशी तुलना करून घाबरू नका. आणि हां, सुईतच निदान पक्कं झालं असेल तर कापायची गरज नसतेही, ते डॉक्टरांना विचारा.

सासरे अजून सांगतात, लेपाने गाठ मऊ पडत होती. टीबीची गाठ मऊ पडते ती आत पू होतो म्हणून. तुमच्या घरी कोणी लेपाचं काढलं तर एवढं त्यांना वाचून दाखवा.