करारातला हॉलिडे आणि व्हिसातली लीव्ह

इंग्लंडची ऑफर आली, अभिनंदन! तुझा प्रश्न असा की करारात ‘२८ डेज हॉलिडे’ लिहिलंय, पण लीव्ह किती ते कुठेच नाही. उलट व्हिसाच्या माहितीत जिकडेतिकडे ‘लीव्ह’. सही करायच्या आधी विचारलंस हे बरं केलंस. मी सही करून मग विचारलं होतं.

आपल्याकडे हॉलिडे म्हणजे कॅलेंडरातली लाल तारीख आणि लीव्ह म्हणजे साहेबांकडे अर्ज टाकून घ्यायची रजा. मी तसंच वाचलं. २८ लाल तारखा, शिवाय सीएल-पीएल वेगळ्या असणारच! आईला फोनवर सांगूनही टाकलं, गणपतीला येतोय म्हणून. पहिल्याच आठवड्यात एचआरच्या बाईंनी हिशेब मांडला. इथे आपण घेतलेली रजाही हॉलिडेच. लाल तारीख असते ती ‘बँक हॉलिडे’. कायद्याने वर्षाला ५.६ आठवडे भरपगारी रजा मिळते. आठवड्याचे पाच दिवस काम असेल तर २८ दिवस, आणि त्यातच ८ बँक हॉलिडे धरायची कंपनीला मुभा आहे. म्हणजे माझ्या हाती राहिले २०. नाताळात ऑफिस बंद असायचं, ते दिवसही त्यातूनच वजा.

म्हणून करारात ‘इन्क्लुडिंग बँक हॉलिडेज’ आहे की ‘प्लस’, ते शोध. स्पष्ट नसेल तर मेल टाक, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. आणि त्या आठ तारखांची गंमत बघ: ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारनंतर थेट नाताळ. गणपती, नवरात्र, दिवाळी सगळं बहुधा त्याच मधल्या काळात येतं, तेव्हा सणाची रजा पदरची.

आजारपण वेगळं धरतात. सात दिवसांपर्यंत डॉक्टरची चिठ्ठीही लागत नाही. पण आपल्यासारखी पीएल साठवून तिचे पैसे घ्यायची सवय विसर. कायद्याने मिळणाऱ्या रजेचे पैसे फक्त नोकरी सोडताना मिळतात.

आता व्हिसातली लीव्ह. तिचा सुट्टीशी संबंध नाही, तिथे अर्थ परवानगी. १९७१ च्या इमिग्रेशन ॲक्टपासून हाच शब्द चालतो: ‘लीव्ह टू एंटर’ म्हणजे देशात यायची परवानगी, ‘लीव्ह टू रिमेन’ म्हणजे राहायची. आपल्या ‘रजा’चंही तसंच की! मूळ अर्थ संमती. कार्यक्रमाच्या शेवटी वक्ता ‘आता रजा द्या’ म्हणतो, तो काही सीएल मागत नसतो. मला ‘इनडेफिनेट लीव्ह’, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाली हे कळवलं तेव्हा वडिलांना वाटलं, पोराला सक्तीच्या रजेवर पाठवलं. दोन दिवस कुणाला बोलले नाहीत.

या दोन्हींची गाठ पडते ती एका ठिकाणी. पुढे कायमच्या परवानगीसाठी अर्ज करशील तेव्हा कुठल्याही १२ महिन्यांत १८० दिवसांहून जास्त देशाबाहेर राहिलेलं सहसा चालत नाही. बिनपगारी रजा टाकून घरी लांब मुक्काम करायचा बेत असेल तर दिवस मोजत राहा.

मुलगी शाळेत जाणार असेल तर अजून एक. शाळा चालू असताना गैरहजर राहायला मुख्याध्यापकांची ‘लीव्ह ऑफ ॲबसेन्स’ लागते, आणि ‘हॉलिडेला जातोय’ हे कारण सहसा मान्य होत नाही. विनापरवानगी पाच दिवस बुडाले तर एका मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड दंड होऊ शकतो; २१ दिवसांत भरला नाही तर १६०. आम्ही दोघांनी एका गणपतीला भरलाय.

सप्टेंबरात रुजू होणार म्हणतोस, तर रजेचं वर्ष जानेवारीपासून मोजतात की एप्रिलपासून तेही विचार. पहिल्या वर्षी रजा त्या प्रमाणातच मिळते. उत्तर येईपर्यंत घरी दिवाळीचं काही कबूल करू नकोस.