दगडफुलाचा व्यास मोजण्याआधी

नागपूर

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

हिमोढांवरच्या (हिमनदीने सोडलेल्या दगडगोट्यांच्या बांधांवरच्या) दगडफुलांवरून हिमनदी कधी मागे सरकली ते काढायचं, हा तुझा विषय कळला आणि फार आनंद झाला. नागपूरकराला हिमनदीचं काय पडलंय, असं कुणी म्हटलं तर त्याला चंद्रपूर जिल्ह्यात इरईजवळ घेऊन जा. तिथल्या चुनखडीवर सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या हिमाने काढलेले ओरखडे आहेत. भूवैज्ञानिक फेडन यांनी ते १८७५ साली नोंदवले.

तुझं काम मात्र गेल्या काही शतकांचं. बर्फ मागे हटला की त्याने ढकलत आणलेल्या दगडगोट्यांचा बांध उघडा पडतो आणि कालांतराने त्यावर दगडफूल रुजतं. आपल्या सावजी मसाल्यातलं पानासारखं नव्हे. तुला हवं ते रायझोकार्पन जिओग्राफिकम: पिवळट हिरवं, काळ्या कडेचं, दगडावर रंग फासल्यासारखं. ते वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाही, म्हणून तर त्याच्यावरून काळ मोजता येतो. ऑस्ट्रियाच्या रोलांड बेशेल यांनी १९५० मध्ये आल्प्समध्ये ही पद्धत मांडली.

माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की दुसऱ्या डोंगरातला वाढीचा दर उसना घेऊ नकोस. व्यासाला दराने भागलं की वय निघालं, असं होत नाही. दगड उघडा पडल्यावर दगडफूल रुजायलाच काही वर्षं जातात. मग ते जोमाने वाढतं, पुढे मंदावतं. ऊन, ओल, उंची, खडकाचा प्रकार बदलला की वाढही बदलते. तेव्हा तुझ्याच खोऱ्याचा वाढीचा वक्र, म्हणजे वय आणि व्यास यांचा आलेख हवा, आणि त्यासाठी वय ठाऊक असलेले दगड हवेत: जुना पूल, देवळाचा चौथरा, साल कोरलेली शिळा. हिमालयात हेच दुर्मिळ. तिथे जुने नकाशे कामी येतात. भूवैज्ञानिक ऑडेन यांनी १९३५ साली गोमुखाचा, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या टोकाचा, नकाशा केला. त्या वेळी बर्फाखाली असलेल्या जागेवर रुजलेलं दगडफूल १९३५च्या आधीचं असूच शकत नाही. असा एक पक्का बिंदू पन्नास अंदाजांना भारी आहे.

सर्वात मोठं ते सर्वात जुनं असं धरतात, पण सर्वात मोठं सापडलं म्हणून हुरळू नकोस. दोन दगडफुलं वाढता वाढता एक झालेली असतात. कधी वरच्या जुन्या उतारावरून दगड आपल्या दगडफुलासकट घरंगळत येतो आणि बांध आहे त्याहून म्हातारा वाटतो. उलट, बर्फ फार काळ साचून राहिला तर दगडफुलं मरतात आणि जुना बांध कोवळा दिसतो. म्हणून प्रत्येक बांधावरच्या सर्वात मोठ्या पाचांची सरासरी घे, पण मोजलेले सगळे व्यास वहीत ठेव. जे वय निघेल त्यापुढे चूक किती असू शकते तेही लिही.

जाण्याआधी कामठीच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत परवानगी घेऊन एक सकाळ घालव. कबरींवर सालं आहेत, जिथे दगडफुलाचे ठिपके दिसतील तिथे कॅलिपर (व्यास मोजायचं साधन) धर. दगडफुलाची जात वेगळी, हवा वेगळी, म्हणून ते आकडे तिकडे चालणार नाहीत. पण वेडीवाकडी कड कुठून कुठपर्यंत धरायची हे हाताला कळेल. तोच ठिपका दुसऱ्या दिवशी पुन्हा मोज आणि दोन्ही आकडे मला पाठव. वक्र नंतर बघू.

तुझे,
काका