गोल फिरणारा शार्क पाहून मन खातं…

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीला घेऊन एक मोठं मत्स्यालय पाहिलं. ती हरखून गेली. मीही रमले. पण मधल्या टाकीत एक शार्क सारखा गोल गोल फिरत होता आणि एका टाकीत ऑक्टोपस अंग चोरून कोपऱ्यात बसला होता. तेव्हापासून मन खातंय. मुलगी पुन्हा जायचा हट्ट धरून बसली आहे. तिकीट काढून मी त्या प्राण्यांच्या कैदेला हातभार लावतेय का?
– एक वाचक

उत्तर : मी बरीच वर्षं काचेच्या मागच्या बाजूला काढली आहेत. पाणी तपासायचं, फिल्टर धुवायचे, आजारी मासा वेगळ्या टाकीत हलवायचा, ही कामं. त्यामुळे ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ असं सरसकट सांगणं मला जमत नाही. टाकीत कोण आहे त्यावर उत्तर बदलतं.

तुमच्या शार्कचंच घ्या. काही जातींच्या शार्कना कल्ल्यांवरून पाणी वाहतं ठेवण्यासाठी पोहत राहावंच लागतं, आणि बंद टाकीत सतत पोहायचं म्हणजे गोल फिरणं आलंच. नुसत्या फेऱ्यांवरून तो दुःखी आहे असं म्हणता येत नाही. मी आधी त्याचं नाक बघते. काचेला घासून ते सोललेलं, पांढरं पडलेलं असेल, तर टाकी त्याला पुरत नाही. काही शार्कना तर कुठलीच टाकी पुरत नाही. कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे बे मत्स्यालयाने 2004 मध्ये ग्रेट व्हाइट शार्कचं एक पिल्लू आणलं आणि 198 दिवसांनी समुद्रात सोडलं. तोवर त्याने टाकीतले दोन शार्क मारले होते. पुढे आणखी काही पिल्लं आणून पाहिली, पण 2011 नंतर त्यांनी हा खटाटोपच बंद केला. मला तो निर्णय योग्य वाटतो. डॉल्फिनचे खेळ असतील तिथे मी पाऊल ठेवत नाही. त्यावर वाद घालायचीही माझी तयारी नाही.

ऑक्टोपस मुळात एकांडा. कपारीत दडून बसणं हा त्याचा स्वभाव. पण दडायला कपारच नसेल, टाकी उघडीबोडकी असेल, तर तुमचं मन खातं ते बरोबर आहे. चांगले सांभाळणारे त्याला झाकण लावलेल्या बरणीत खेकडा देतात. बाहू बरणीभोवती वळतात, चूषक काचेला चिकटतात आणि झाकण फिरतं! एवढी अक्कल असलेल्याला रिकाम्या डबक्यात ठेवायचं? न्यूझीलंडमध्ये इंकी नावाचा ऑक्टोपस 2016 मध्ये टाकीतून निसटला आणि सांडपाण्याच्या नळीतून थेट समुद्राला मिळाला. आम्हा लोकांना त्याचं भारी कौतुक.

छोट्या माशांचा हिशोब वेगळा. क्लाउनफिश समुद्रातसुद्धा एखाद्या समुद्रफुलाच्या आसपासच आयुष्य काढतो. त्याला टाकीची लांबी टोचत नाही. तिथे प्रश्न, तो आला कुठून. क्लाउनफिश आता टाकीतच पैदा होतात, पण खाऱ्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे अजूनही प्रवाळातून धरून आणलेले असतात, काही ठिकाणी तर पाण्यात सायनाइड फवारून. उलट मेक्सिकोतला टकीला नावाचा इवलासा मासा त्याच्या नदीतून पार नाहीसा झाला होता. इंग्लंडच्या चेस्टर प्राणिसंग्रहालयाने जपलेल्या पाच जोड्या 1998 मध्ये तिकडे पाठवल्या, त्यांची वीण वाढवून मासा पुन्हा नदीत सोडला गेला. हेही टाक्यांमुळेच झालं.

तर मुलीला न्या. काचेवर टकटक मात्र करू देऊ नका. माशाला पाण्यातला बारीकसा कंपही अंगभर कळतो. माशांना खाणं घालायची वेळ आधी विचारून जा, कारण तेव्हा मागची माणसं पुढे येतात. त्यांना विचारा : हा मासा कुठून आणला? ही टाकी रिकामी का? ‘समुद्रातून धरला’ किंवा ‘गेल्या आठवड्यात मेला’ असं सरळ सांगितलं, तर मी तिथे पुन्हा जाईन. उडवाउडवीची उत्तरं मिळाली, तर मुलीला दुसरीकडे न्या.