नाल्यात मैलापाणी शोधताना

पहिल्यांदाच पाण्याचे नमुने घेणार असशील तर नाशिकच्या रामकुंडावरून सुरुवात करू नकोस, तिथे सगळंच मिसळलेलं असतं. नासर्डी किंवा वाघाडी नदी जिथे गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, मिळते तिथून काठाने वर वर चालत जा. दोन-तीन दिवस पाऊस नसतानाही पावसाळी गटार वाहत असेल तर तिथे थांब. ते पाणी फुटलेल्या नळाचंही असू शकतं, म्हणून अमोनिया आधी तपास; तो मैलापाण्यात असतो, नळाच्या पाण्यात सहसा नसतो.

ई-कोलाय हा आतड्यातला जीवाणू सापडला की लगेच माणसाच्या मैल्यावर बोट ठेवू नकोस. तो गुरांच्या, कुत्र्यांच्या, पक्ष्यांच्या आतड्यातही असतो. मी हीच घाई केली होती, आणि वरच्या अंगाला गोठा निघाला. माणसाची खूण हवी तर एचएफ१८३ ही डीएनए चाचणी, ती माणसाच्या आतड्यातल्या जीवाणूंचा माग काढते. ती महाग आहे, म्हणून मोजक्याच जागी कर.

स्वस्त उपाय म्हणजे नीळ-चकाकी (कपडे उजळ दिसावेत म्हणून साबणात घालतात ते द्रव्य) नसलेला साधा कापूस. जाळीत बांधून काही दिवस गटारात ठेव. धुऊन, वाळवून अंधारात अतिनील दिव्याखाली धर. निळसर चमकला तर कपड्यांच्या साबणाचं पाणी येतंय, म्हणजे घरांच्या सांडपाण्याची जोडणी चुकून पावसाळी गटाराला झालेली असण्याची शक्यता मोठी.

नमुना बर्फात ठेवून सहा तासांत प्रयोगशाळेत पोचव. आणि हातमोजे विसरू नकोस, बाळा.