ठाण्याच्या घोडबंदर रोडवर रोज न्यायला जाड पत्र्याची जुनी पद्मिनी नव्या गाडीपेक्षा सुरक्षित आहे का?

नाही, पत्रा कितीही जाड असला तरी टक्करीत पद्मिनीपेक्षा आजची साधी हॅचबॅक माणसाला जास्त वाचवते. वागळे इस्टेटमध्ये डेंटिंगचं काम करतो, दोन्ही काळातल्या गाड्या उघडून पाहिल्या आहेत. नव्या गाडीचं नाक मुद्दाम चुरगळेल असं बनवतात. धक्का तिथेच जिरतो आणि माणसं बसतात तो सांगाडा टिकतो. जुन्या गाडीत तोच धक्का आत येतो. स्टिअरिंगचा दांडा थेट छातीकडे सरकतो, लोखंडी डॅशबोर्ड गुडघ्यांवर येतो. २००९ मध्ये अमेरिकेत १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची मालिबू ताशी ६४ किमीने समोरासमोर आदळवून पाहिल्या. बेल एअरचा चालक जगला नसता, मालिबूतल्याच्या फार तर पायाला लागलं असतं. मात्र नवी म्हणजे सुरक्षितच असं नाही. भारत एनसीएपीचे, म्हणजे गाडी आदळवून तिची सुरक्षा तपासणाऱ्या सरकारी चाचणीचे, स्टार बघूनच घ्या, आणि पट्टा मागच्या सीटवरही लावा, नुसत्या एअरबॅगच्या भरवशावर राहू नका. पद्मिनी विकू नका हो, रविवारी पहाटे तलावपाळीला फेरी मारा. पण घोडबंदरच्या ट्रेलरांमध्ये पोरांना घेऊन तिच्यातून कृपा करून जाऊ नका.